मधुमेह किती जणांना, आणि भार कोणावर? : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या महिन्यासाठी मधुमेहाच्या प्रसाराविषयी आणि सार्वजनिक आरोग्यावर होणाऱ्या त्याच्या परिणामांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘माझी अमुक गोळी बंद करू का’ अशा स्वरूपाची होती. त्यांची उत्तरे रुग्णाला न तपासता देणे योग्य नाही, म्हणून ती बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांतून सात प्रश्न निवडले असून लांबलेली पत्रे थोडी आवरती घेतली आहेत.

प्रश्न : गेल्या काही वर्षांत भारतातील मधुमेहींची संख्या मी निरनिराळ्या ठिकाणी साडेसात कोटी, नऊ कोटी, दहा कोटी आणि एकवीस कोटी अशी वाचली. मी आयुष्यभर गणित शिकवले आहे, म्हणून विचारतो : यांतला खरा आकडा कोणता? आणि इतकी तफावत असेल तर कोणत्याही आकड्यावर विश्वास का ठेवावा? (निवृत्त मुख्याध्यापक, चिपळूण)

उत्तर : हे चारही आकडे प्रामाणिकपणे काढलेले आहेत, पण प्रत्येकाने मोजलेली गोष्ट थोडी वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ स्वतः घरोघरी जाऊन रक्त तपासत नाही. देशोदेशी झालेल्या पाहण्या गोळा करून तो २० ते ७९ या वयोगटासाठी अंदाज बांधतो. त्याने २०२१ साली भारतासाठी सुमारे ७.४ कोटी हा अंदाज दिला होता आणि २०२५ मध्ये निघालेल्या पुढच्या आवृत्तीत तो जवळपास ९ कोटींवर नेला. दहा कोटींचा आकडा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचा आहे. २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने ३१ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत ही पाहणी झाली. २० वर्षांवरील १,१३,०४३ व्यक्ती तीत होत्या आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास ग्रामीण भागातल्या होत्या. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्क्यांना मधुमेहपूर्व अवस्था, म्हणजे साखर सामान्यपेक्षा जास्त पण मधुमेहाच्या रेषेखाली, आहे. २०२१ च्या लोकसंख्येला हे प्रमाण लावले की अनुक्रमे १०.१ कोटी आणि १३.६ कोटी माणसे होतात.

एकवीस कोटींचा आकडा नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जगभरातील संशोधकांच्या एका मोठ्या गटाने १८ वर्षांवरील सर्वांचा हिशेब मांडून जगात ८२.८ कोटी आणि भारतात २१.२ कोटी मधुमेही असल्याचे म्हटले. तफावतीचे मुख्य कारण निदानाच्या कसोटीत आहे. ‘इंडियाब’ने उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी बोटातून घेतलेल्या रक्ताची साखर पाहिली. दुसऱ्या गटाने उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी ६.५ किंवा त्याहून अधिक, यांपैकी एक जरी आढळले तरी त्या व्यक्तीला मधुमेही मानले. कसोटी जितकी रुंद तितकी माणसे जास्त, हे आपल्याला सांगायला नको. शिवाय लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते आणि आपल्या देशात, विशेषतः स्त्रियांमध्ये, रक्तक्षय किती आहे हे सर्वज्ञात आहे. म्हणून भारतापुरता एकवीस कोटींचा आकडा फुगलेला असावा असे माझे मत आहे आणि नियोजनासाठी मी ‘इंडियाब’चा आकडा धरतो.

यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचीही भर घालतो, कारण त्याचे आकडे वर्तमानपत्रांत वारंवार येतात. त्या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील १३.५ टक्के स्त्रिया आणि १५.६ टक्के पुरुष यांची साखर वाढलेली किंवा औषधाखाली असलेली आढळली. मात्र तेथे दिवसाच्या कोणत्याही वेळी घेतलेले रक्त आणि १४० ची रेषा वापरली आहे. त्याला मधुमेहाचे निदान म्हणत नाहीत.

विश्वास का ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर असे की या आकड्यांचा उपयोग घबराट पसरवण्यापेक्षा फार वेगळा आहे. जिल्ह्याला वर्षाला किती गोळ्या मागवायच्या, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करणारी किती माणसे तयार करायची आणि किती डायलिसिस यंत्रे लागतील, हे त्यांवरून ठरते. तेथे दहा आणि एकवीस यांतला फरक फार महागात पडतो.

प्रश्न : मधुमेहात गोवा देशात पहिला असे वाचल्यापासून आमच्याकडे कोणी माशांच्या हुमणाला दोष देतो, कोणी बेबिंकेला, तर कोणी मद्याला. खरे कारण काय? (गृहिणी, म्हापसा)

उत्तर : ‘इंडियाब’ पाहणीत गोव्यात २६.४ टक्के, पुदुच्चेरीत २६.३ टक्के आणि केरळात २५.५ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, तर उत्तर प्रदेशात ४.८ टक्के. या यादीकडे पाहताना ही राज्ये कशी आहेत ते आधी लक्षात घ्यावे. गोव्यात जन्मदर कमी आहे, माणसे दीर्घायुषी आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार ६२ टक्के लोकसंख्या शहरी आहे. मधुमेह वयाबरोबर वाढतो, त्यामुळे ज्या राज्यात पन्नाशी-साठीतील माणसे जास्त तेथे मधुमेहीही जास्त सापडणारच. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, जी सहसा बोलली जात नाही. उपचार चांगले मिळाले तर मधुमेही अधिक वर्षे जगतो आणि पाहणीच्या दिवशी तो मोजला जातो. उपचाराअभावी लवकर गेलेला माणूस कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही. म्हणजे प्रमाण जास्त असण्यात थोडा वाटा चांगल्या आरोग्यसेवेचाही असू शकतो. हुमणातले मासे निर्दोष आहेत. त्याच्यासोबत ताटात किती भात वाढला जातो, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

मला स्वतःला गोव्यापेक्षा उत्तर प्रदेशाची अधिक काळजी वाटते. तेथे मधुमेह ४.८ टक्के असला तरी मधुमेहपूर्व अवस्था सुमारे १८ टक्के आहे, म्हणजे एका मधुमेहीमागे जवळजवळ चार माणसे उंबरठ्यावर उभी आहेत, आणि लोकसंख्या गोव्याच्या शंभरपटीहून अधिक.

प्रश्न : माझा भाऊ २९ वर्षांचा आहे, शेतात राबतो, अंगाने सडपातळ आहे. घरात कोणाला शुगर नाही. शिबिरात त्याची साखर अडीचशे निघाली. गावात सगळे म्हणतात की मशीन बिघडले असेल, हा तर बसून खाणाऱ्यांचा आजार. खेड्यातल्या कष्टकरी तरुणाला तो कसा होऊ शकतो? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : आधी भावाविषयी. शिबिरातील यंत्रावर निघालेली साखर प्रयोगशाळेत शिरेतून रक्त घेऊन लगेच पडताळून घ्यावी. वजन झपाट्याने उतरत असेल, सारखी तहान लागत असेल आणि रात्री लघवीला उठावे लागत असेल, तर एक दिवसही थांबू नये. सडपातळ तरुणाला टाइप १ मधुमेह असू शकतो, आणि त्यात इन्सुलिनला पर्याय नाही. स्वादुपिंडाच्या जुन्या विकारामुळेही असा मधुमेह होतो. लहानपणी झालेल्या दीर्घ कुपोषणातून उद्भवणारा एक प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९८५ साली वर्गीकरणात घेतला आणि १९९९ साली वगळला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालेल्या अभ्यासासारख्या नव्या पुराव्यांनंतर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. प्रकार कोणता हे तज्ज्ञ डॉक्टर तपासण्यांवरून ठरवतील. प्रकारानुसार उपचार बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या भावाला देऊ नयेत.

आता ‘बसून खाणाऱ्यांचा आजार’ या समजाविषयी. १९७० च्या दशकात वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत शहरांत २.१ टक्के आणि खेड्यांत १.५ टक्के मधुमेही आढळले होते, त्यामुळे तेव्हा हा समज फारसा चूक नव्हता. चाचण्यांची पद्धत तेव्हा वेगळी होती, म्हणून आजच्याशी तंतोतंत तुलना करता येणार नाही, परंतु दिशा स्पष्ट आहे. ‘इंडियाब’मध्ये शहरी प्रमाण १६.४ टक्के आणि ग्रामीण प्रमाण ८.९ टक्के निघाले. देशाची सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्या खेड्यांत राहते हे लक्षात घेऊन गुणाकार केला, तर देशातील मधुमेहींपैकी निम्म्याच्या आसपास ग्रामीण भागातले ठरतात. मधुमेहपूर्व अवस्थेत तर शहर आणि खेडे यांतील अंतर संपलेच आहे : १५.४ आणि १५.२ टक्के. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, राज्याचे प्रमाण ८.४ टक्के होते आणि तेव्हाही ग्रामीण महाराष्ट्र त्यातून सुटलेला नव्हता.

सडपातळपणाचे कोडे उलगडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भारपणाच्या आधीपासून स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि ती नोंद दशकानुदशके चालू राहिली. या गावांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या जवळ होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो. मात्र आपल्या बाळांच्या शरीरात जी तूट होती ती मुख्यतः स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची होती. त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळपास शाबूत होती. म्हणजे बाळ वजनाने हलके, पण शरीराच्या घडणीत चरबीचा वाटा जास्त. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा (बीएमआय), २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून किती वेगळी असू शकतात, हे यापेक्षा थोडक्यात सांगणे अवघड आहे.

याच अभ्यासात गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले, आणि ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व जास्त होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. पुढे ही मुले १८ वर्षांची झाली तेव्हा मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांची साखर सामान्य मर्यादेच्या वर होती, बहुतेकांची मधुमेहपूर्व पातळीवर. ही मुले लठ्ठ नव्हती आणि त्यांच्या आयांना गर्भारपणात मधुमेह झाला म्हणून हे घडले असेही नव्हते. गर्भात झालेल्या उपासमारीमुळे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची क्षमताच बेताची राहते, आणि पुढे खाणे थोडे सुधारले, कष्ट थोडे कमी झाले की ती अपुरी पडते. आपल्या भागात गेल्या तीस वर्षांत ट्रॅक्टर आला, दुचाकी आली, चहाबरोबर बिस्किटांचा पुडा आला. यांपैकी कशालाही मी वाईट म्हणणार नाही. मात्र हे सगळे आले तेव्हा शरीरे पूर्वीच्या टंचाईवर घडलेली होती.

म्हणूनच मधुमेहाचा प्रतिबंध चाळिशीतल्या माणसाला चालायला सांगण्यापासून सुरू होतो असे मला वाटत नाही. तो किशोरवयीन मुलीच्या ताटात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे पोहोचण्यापासून सुरू होतो. पुण्याच्याच अभ्यासात या पदार्थांचा बाळाच्या वाढीशी थेट संबंध दिसला होता.

प्रश्न : साखर सोडून गूळ, आणि गव्हाऐवजी ज्वारी-नाचणी खाल्ली तर मधुमेह टळतो का? (वाचक, लातूर)

उत्तर : गुळाने काही टळत नाही, रक्ताच्या दृष्टीने ती साखरच आहे. भाकरीचे उत्तर थोडे नाजूक आहे. २०२५ मध्ये ‘इंडियाब’च्याच आहारविषयक नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिने कमी पडतात. पांढऱ्या भाताच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आले, परंतु एकूण पिष्टमय पदार्थ तेवढेच राहिले, तर धोका कमी झाल्याचे दिसले नाही. त्यातला थोडा वाटा डाळी, दूध, अंडी, मासे अशा प्रथिनांनी घेतला तेव्हा तो कमी दिसला. ज्वारी अवश्य खावी, पण तीनाऐवजी दोन भाकऱ्या आणि वाटीभर जास्त वरण किंवा उसळ, असा बदल हवा.

प्रश्न : मी दहा वर्षे आशा म्हणून काम करते. तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते, कंबर मोजते, लोकांना साखर तपासायला नेते. ज्यांची जास्त निघते त्यांतले निम्मे पुढे जात नाहीत. जे जातात त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, कधी त्याही संपलेल्या असतात. बैठकीत मात्र ‘किती तपासले’ एवढेच विचारतात. या तपासण्यांचा खरोखर उपयोग होतो का? (आशा कार्यकर्ती, विदर्भ)

उत्तर : ताई, या महिन्यातल्या पत्रांत सर्वांत नेमका प्रश्न आपला आहे. तपासणी हा उपचार नाही. निदान झालेला माणूस वर्षभरानंतरही औषध घेत आहे का आणि त्याची साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल आटोक्यात आहे का, हे विचारले गेले तरच तपासणीला अर्थ येतो. ‘इंडियाब’ने हेही मोजले होते. आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक असलेल्या लोकांपैकी ३६.३ टक्क्यांची साखर नियंत्रणात होती, ४८.८ टक्क्यांचा रक्तदाब आणि ४१.५ टक्क्यांचे घातक कोलेस्टेरॉल. तिन्ही गोष्टी एकत्र आटोक्यात असलेले निघाले ७.७ टक्के. ज्यांना आजार असल्याचे माहीतच नाही ते या हिशेबात नाहीत. माझ्या दृष्टीने देशातील मधुमेहाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा आकडा दहा कोटी नव्हे, तर हा ७.७ आहे.

माणसे परत का येत नाहीत, याचे कारण अज्ञान असे सांगून आम्ही डॉक्टर मोकळे होतो. पण मधुमेह वर्षानुवर्षे दुखत नाही. न दुखणाऱ्या आजारासाठी पंधरा दिवसांनी एक दिवसाची मजुरी बुडवायची, एसटीचे भाडे भरायचे आणि केंद्रावर ‘गोळ्या पुढच्या आठवड्यात येतील’ हे ऐकायचे, असा व्यवहार कोणताही शहाणा माणूस दोन-तीनदाच करील. उपाय ठाऊक नसलेले नाहीत. साखर स्थिरावलेल्या रुग्णाला एक ते तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, त्या गावातील उपकेंद्रावर मिळाव्यात आणि न आलेल्यांची यादी दर महिन्याला निघावी. केंद्र सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. मे २०२३ मध्ये सरकारने २०२५ अखेरपर्यंत उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. उद्दिष्टातला ‘उपचारांखाली’ हा भाग बैठकीपर्यंत पोहोचला, तर आपल्याला विचारला जाणारा प्रश्नही बदलेल.

दोन गोष्टी खास आपल्या भागासाठी लिहितो. पहिली क्षयरोगाची. मधुमेह असलेल्याला क्षयरोग होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो आणि झाल्यावर उपचारांचे यशही घटते. क्षयरुग्णाची साखर आणि मधुमेहीचा खोकला, दोन्ही तपासण्याचे धोरण देशात आहे. आपल्या वहीत ज्याची साखर जास्त निघाली त्याला ‘दोन आठवड्यांपासून खोकला आहे का’ हे जरूर विचारा. ज्या जिल्ह्यांत क्षयरोग आधीच मुरलेला आहे तेथे मधुमेहाची वाढ म्हणजे एका संसर्गजन्य रोगालाही बळ मिळणे आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे ४० हजारांहून अधिक रुग्ण देशात नोंदले गेले आणि महाराष्ट्र त्यात आघाडीवर होता. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा मारा ही त्यामागची मुख्य कारणे होती. असंसर्गजन्य म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवलेला आजार साथीच्या काळात काय करू शकतो, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

दुसरी सिकलसेलची. विदर्भातील आदिवासी आणि इतर काही समाजांत हा रक्तदोष बराच आढळतो. सिकलसेल असलेल्यांमध्ये एचबीए१सी चाचणीचे उत्तर फसवे येते. तेथे उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर यांवरच विसंबावे, हे आपल्या केंद्रातील डॉक्टरांना ठाऊक असेलच, पण शिबिर बाहेरचे असेल तर आपण आठवण करून द्यावी.

प्रश्न : वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा सरकारी योजनेतून विनामूल्य होते, त्याबद्दल कृतज्ञ आहोत. पण त्याआधीची अठरा वर्षे गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च आम्ही केला, आणि हात आखडला की वडील गोळी एक दिवसाआड घेत. मूत्रपिंडे गेल्यावर लाखांचा खर्च करणारे सरकार ती वाचवायला शेकड्यांत खर्च का करत नाही? (खासगी नोकरी, नाशिक)

उत्तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की केंद्राची आयुष्मान भारत, या योजना मूलतः रुग्णालयात दाखल होण्याच्या आणि मोठ्या प्रक्रियांच्या खर्चासाठी आखलेल्या आहेत. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली औषधे त्यांत येत नाहीत. सरकारी केंद्रांत मधुमेहाची मूळ औषधे मोफत देण्याची तरतूद आहे, परंतु शहरांतील बहुसंख्य रुग्ण खासगी दवाखान्यांत जातात आणि तेथे सगळा भार खिशावर पडतो. मधुमेहात खर्चाचा मोठा भाग नेमका या दाखल न होण्याच्या वर्षांत असतो. म्हणून आपण विचारलेली विसंगती खरी आहे, आणि तिचे समर्थन मी करू शकत नाही. राजकीय कारण मात्र कळते : डायलिसिस केंद्राचे उद्घाटन करता येते, न बिघडलेल्या मूत्रपिंडाचे करता येत नाही.

भारतातील दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या राष्ट्रीय नोंदवहीत ३१ टक्के रुग्णांमध्ये मधुमेह हे मूळ कारण होते, इतर कोणत्याही कारणापेक्षा जास्त. हे नुकसान अचानक होत नाही. मूत्रपिंड निकामी होण्याच्या पुष्कळ वर्षे आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन किंचित झिरपू लागते, आणि वर्षातून एकदा केलेली लघवीची चाचणी ते पकडते. डोळ्यांचेही तसेच आहे. चाळिशीवरील भारतीय मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांमध्ये दृष्टिपटलाचा विकार असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात दिसले. नजर अधू होण्यापूर्वी लेसरने तो रोखता येतो, पण डोळा तपासला गेला तरच. या दोन तपासण्या आणि पायांच्या संवेदनेची एक साधी चाचणी प्रत्येक मधुमेहीला वर्षातून एकदा विनामूल्य मिळाली, तर त्यावरचा खर्च डायलिसिसच्या आणि पाय कापण्याच्या शस्त्रक्रियांच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल.

औषधांच्या बाबतीत अलीकडे एक चांगली गोष्ट घडली आहे. मूत्रपिंड आणि हृदय दोन्हींचे रक्षण करणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधावरील एकाधिकार मार्च २०२५ मध्ये भारतात संपला आणि साठ रुपयांच्या घरात मिळणारी गोळी अनेक कंपन्यांनी दहा रुपयांच्या आसपास आणली. वडिलांसाठी आता तिचा उपयोग नसला, तरी घरात अन्य कोणाला मधुमेह असेल तर त्यांच्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. मधुमेहीच्या मुलांना धोका अधिक असतो, त्यामुळे आपली स्वतःची साखरही या महिन्यात तपासून घ्यावी.

प्रश्न : वय ३४, संगणक क्षेत्रातली नोकरी. कंपनीच्या तपासणीत एचबीए१सी ५.९ आली. डॉक्टर म्हणतात काळजी नको, इंटरनेट म्हणते मधुमेह ठरलेला आहे. (वाचक, पुणे)

उत्तर : ठरलेला नाही, पण काळजी नको हेही मला पटत नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लुकोज पचवण्याची क्षमता घटलेल्या ५३१ जणांपैकी ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडले होते, त्यांतील ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहाराकडे आणि व्यायामाकडे सातत्याने लक्ष पुरवले, त्यांच्यात हा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. ती माणसे आपल्यापेक्षा वयाने मोठी आणि पुढच्या पायरीवर होती, म्हणून ५५ चा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नये. मात्र आपल्याकडे ही वाटचाल वेगाने होते, एवढे त्यातून घ्यावे. अमेरिकेतील अशाच अभ्यासात जीवनशैली बदलण्याने धोका ५८ टक्क्यांनी घटला होता. आपल्याकडे फायदा तुलनेने कमी दिसतो, तरी तो मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीच्या तोडीचा होता. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ साली सुरू झालेल्या प्रयोगात सहा वर्षे आहार-व्यायामाचा कार्यक्रम राबवला होता. तीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्या गटाला मधुमेह सरासरी चार वर्षे उशिरा झाला होता आणि हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी होत्या.

करायचे काय, तर कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही रेषा आहे, आणि शरीरभार निर्देशांक २५ ऐवजी २३ पासूनच जास्त समजावा. वजन जास्त असेल तर पाच ते सात टक्के उतरवावे, आठवड्यात दीडशे मिनिटे भरभर चालावे, आणि स्नायू वाढवणारा व्यायाम दोनदा तरी करावा, कारण साखर मुख्यतः स्नायूच खर्च करतात. रात्रपाळी आणि अपुरी झोप टाळता येत असेल तर टाळावी. एक वर्षाने चाचणी पुन्हा करावी, आणि ती करताना हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. ते कमी निघाले तर ५.९ या उत्तरावर विसंबू नये, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी करावी.